एक्स-रेमधले तांदूळ

कानबाई माझ्या अंगात येते, असं मी स्वतः कधी म्हटलं नाही. लोकांनी म्हटलं आणि मी गप्प बसलो. हे पाप धुतलं गेलं की नाही, याची अजून शंका वाटते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बायको वारल्यावर मी सुरतेत लिंबायतला एकटा राहून कापडाचा लूम चालवायचो. श्रावणात आमची खान्देशी मंडळी कानबाई देवी बसवतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी कोसळलो, हातपाय झटकू लागलो. शुद्धीवर आलो तेव्हा कपाळभर कुंकू होतं आणि बाया पाया पडत होत्या. मग दर मंगळवारी लोक येत, गाऱ्हाणं सांगत, निघून जात. देवाशी कोण गप्पा मारणार? माझं डोकं ठणकायचं, दंडावर गाठी आल्या होत्या. ते सांगायला माणूस नव्हतं.

एकदा लूमजवळच पडलो. पाय सुजला म्हणून दवाखान्यात मांडीचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. फोटो काढणारे गुजराती गृहस्थ फिल्म देऊन मोकळे झाले असते, पण ते बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. फिल्ममध्ये मांसभर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. माझा दंड चाचपत त्यांनी विचारलं, "तमने फिट आवे छे?"

"ना. माताजी आवे छे."

ते हसले नाहीत. "माताजीने पगे लागुं. पण आ गांठो शेनी?"

गाठी कशाच्या, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला रडूच कोसळलं. हात धरून त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मेंदूतही तशाच गाठी. जंतांची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून पोटात जातात, अळ्या अंगभर पसरतात, फिट त्यानंच येते, असं डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस वॉर्डात काढले. त्या गृहस्थांचं नावही विचारायचं राहिलं.

घरी आलो. मंगळवारी एक बाई नवऱ्याच्या तापाचं गाऱ्हाणं घेऊन आली. खरं सांगितलं तर दारात पुन्हा कुणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. मनातल्या मनात कानबाई आईला हात जोडले आणि म्हणालो, "बहीण, मना आंगमा देवी नही, रोग शे. नवराले दवाखानामा ली जा."

पाया पडायला वाकलेली ती सरळ झाली. माझ्या दारात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहत होतं.

"जेवण व्हयनं का, भाऊ?"

आई माझ्या अंगात कधी आली नाही. पण त्या बाकावर आणि या दारात तीच आली होती, असं मी मानतो. तिच्या जेवणाच्या प्रश्नाला मी "नही" म्हणालो. आईला शरण जाणं मला आयुष्यात तेवढंच जमलं.