थांबाताई

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करणाऱ्या तिला सगळे थांबाताई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. समोरचा माणूस मन मोकळं करायला तोंड उघडतो न उघडतो तोच ही म्हणायची, "थांबा. काही गोष्टी मला कळल्या की वर कळवाव्या लागतात. हे आधी ऐका, मग बोला." रडायच्या बेतात आलेला माणूसही गोंधळून नाक पुसायचा. घरीही तेच. नवरा म्हणाला, "अगं, एक सांगायचं होतं," की हिचं ठरलेलं, "थांब, तुझ्या आईला माहीत आहे का? नसेल तर मला मध्ये घेऊ नकोस." त्याने कपाळाला हात लावावा, दुसरं काय! पण विश्वासाने बोलणाऱ्याला नंतर तोंडघशी पाडायचं नाही, हा तिचा हट्ट होता.

मग वरून नवा नियम आला. केंद्राच्या खिडकीवर रोज सकाळी तलफ शमवणारं औषध मिळे. पुन्हा नशा केल्याचं कळलं, तर ते तीन महिने बंद. औषध बंद झालेला माणूस जाणार कुठे, हे त्या शहाण्यांनी विचारात घेतलंच नाही. तो जुन्या गल्लीतच जाणार, आणि तिथली पुडी कधी जीव घेईल याचा नेम नाही. झालं, ताईच्या खोलीत जो तो "सगळं झकास" म्हणू लागला.

एका सकाळी रोज औषधाला येणारा रंगारी आला. हा तिचा लाडका. केंद्राच्या भिंती रंगवताना हिच्या खोलीला न विचारता पिवळाधमक रंग फासून गेला होता. आज तो खुर्चीच्या कडेवर टेकला, आणि त्याचा चेहरा बघूनच तिला अंदाज आला.

"थांबा," ती काकुळतीने म्हणाली. "नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तरी सांगतो. काल जुना दोस्त भेटला. घेतली."

गप्प बसावं तर नोकरीतला शब्द मोडतो, कळवावं तर याच्या जिवावर बेततं. दोन ओळी लिहून हात झटकणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती त्याला घेऊन थेट केंद्रप्रमुखांसमोर उभी राहिली. "साहेब, यांनी काल घेतली. मी कळवलं. औषध बंद, हे मात्र तुम्हीच यांच्या तोंडावर सांगा."

साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनी उगाचच चष्मा पुसला. "अरे, गप्प राहिला असतास तर औषध मिळालं असतं. सांगितलंस कशाला?"

"ताई कुणाला फसवत नाहीत, साहेब. त्यांना कसं फसवू?"

"म्हणजे खोटं बोलणाऱ्याला औषध, आणि खरं बोलणाऱ्याला..." साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हेच वर कळवा, साहेब," ताई म्हणाली.

साहेबांनी खिडकीवर फोन लावला. "रंगारी येतोय. तब्येत तपासा आणि औषध द्या. जबाबदारी माझी."

तो गेल्यावर मात्र ताई तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि वरच्या कार्यालयाचा नंबर फिरवला.