पहिली चूक शैलाची

शैला गेल्याची बातमी मला बंगळुरूहून कळली. ती इंदूरच्या सुदामा नगरात राहायची, मी तिथेच पलासियात. मधे रिक्षाने फार तर अर्धा तास. तरी त्या सकाळी सव्वासातला फोन वाजला तो माझ्या मुलीचा, गार्गीचा. "आई, शैलामावशी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. शैला दोन दिवस हॉस्पिटलात होती, पहाटे तिचं हृदय थांबलं, हे सगळं गार्गीला ठाऊक होतं, कारण शैलाच्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. मी त्यात नाही. शाळेपासूनची मैत्रीण गेली आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. 'हिला माझ्याआधी कसं कळलं?' हे आलं. लिहायला लाज वाटते, पण आता सहा आठवडे झाले, आणि खोटं लिहायचं तर हा लेख कशाला लिहायचा? गार्गी दुपारच्या विमानाने आली, शैलाच्या पायांशी बसून ढसाढसा रडली. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला सुट्टी मिळाली नव्हती. तेही मला तिथेच, त्या माणसांच्या गर्दीत उभी असताना आठवलं.

आम्ही दोघी इंदूरच्या एकाच मराठी शाळेतल्या. माझे आजोबा संस्थानाच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, घरात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं आणि वडील जेवताना माझ्याकडून ते मोठ्याने वाचून घ्यायचे. शैलाचे वडील मिलमध्ये कारकून. तिच्या घरी इंग्रजी असं नव्हतंच, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही. वक्तृत्वाचा इंग्रजीचा कप दर वर्षी माझा. शैला पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवायची. पुढे मी एम.ए. केलं, उच्चारशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं, कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शैलाने बी.कॉम. करून लग्न केलं, अरविंदरावांच्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरली आणि चाळिशीच्या आसपास परत इंदूरला आली. तोवर सगळं जिथल्या तिथे होतं, म्हणजे मी पुढे आणि ती टाळ्या वाजवायला.

मग तिने घराच्या पुढच्या खोलीत बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. मी नाक मुरडलं, पण तोंडावर काही बोलले नाही. महिन्याभरात ती माझ्याकडे आली. "कुमुद, मी तर परेशान होऊन गेली. बायका येतात नं, चाय पितात, वही खोलतात, पण तोंड नाही खोलत. बोल म्हटलं की एकदम चुप. काय करू, सांग बरं?" मी तेव्हा पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "जीभ अडखळेल अशी वाक्यं दे त्यांना. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात. एक एक ध्वनी घट्ट होतो." शिवाय कपाटातले जिभेचे आणि ओठांचे तक्ते काढून दिले. तिने ते बघितले, हसली, म्हणाली, "अरे वा, हे तर डेंटिस्टकडे असतात तसे आहेत." तक्ते तिने नेले खरे, पण भिंतीवर कधी लावले नाहीत. वाक्यं मात्र उचलली, आणि त्यांच्यावर तिचा क्लास असा काही चालला की दोनाच्या चार बॅच झाल्या. महूहून लष्करातल्या जवानांच्या बायका यायला लागल्या, नर्सिंगच्या मुली, साडीच्या दुकानातल्या सेल्सगर्ल, नवऱ्याची बदली दिल्लीला होणार म्हणून धास्तावलेल्या गृहिणी. जो तो मला सांगायचा, शैलाजींची पद्धत काय भारी आहे! माझ्या पोटात दुखायचं. पद्धत माझी होती. निदान मी तसं समजत होते.

एकदा न राहवून बघायला गेले. जिन्यातच हसण्याचा आवाज आला. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत कुणी असं हसलं नव्हतं. आत बारा-चौदा बायका सतरंजीवर, मधे शैला. आधी तिने सगळ्यांना 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणायला लावलं. आपल्याच बोलीत पाचव्या वेळेला सगळ्यांची जीभ गुंतली. शैला म्हणाली, "देखा? अपनी घर की भाषा में अटक गए, कुछ हुआ? छत गिरी?" मग इंग्रजी वाक्य. ते तिने स्वतः रचलेलं, इंदुरातलंच. 'स्टील स्टूल्स स्टँड स्टिल ॲट स्टेशन स्ट्रीट स्टॉल्स.' इकडे शेकड्याने लोक 'इस्टेशन' आणि 'इस्टूल' म्हणतात, त्यांच्यासाठी. तिच्या क्लासचा एक नियम होता, पहिली चूक बाईंची. म्हणजे वाक्य आधी शैला म्हणणार. ती म्हणायला लागली आणि तिसऱ्या शब्दावर सपशेल आपटली. 'इस्टँड' म्हणाली, थांबली, कपाळावर हात मारला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा आपटली. बायका हसून हसून लोळल्या आणि मग एकेक जण स्वतःहून म्हणायला लागली.

मला ते सहन झालं नाही. शिक्षिकेने चुकायचं? तेही 'इस्टँड'? मी दारातूनच म्हटलं, "शैला, स्टँड. सुरुवातीला 'इ' नाही लावायचा." आणि ते आख्खं वाक्य सलग तीनदा, एकाही ठिकाणी न अडता म्हणून दाखवलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शैलाने सगळ्यात जास्त. त्यानंतर उरलेला अर्धा तास एकही बाई बोलली नाही. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. वाटलं, खऱ्या उच्चारांनी दबल्या बिचाऱ्या. खाली सोडायला आली तेव्हा शैला एवढंच म्हणाली, "तू फार सुंदर बोलते गं, कुमुद." मी ती स्तुती घेऊन घरी आले.

गार्गी तेव्हा नववीत होती. ती घरात इंग्रजी बोलायची नाही. लहानपणी बोलायची, पण तोंड उघडलं की मी दुरुस्त करायचे. जेवताना, रिक्षात, पाहुण्यांसमोर. माझ्या वडिलांनी मला असंच घडवलं होतं, मला दुसरी रीत माहीत नव्हती. हळूहळू तिने इंग्रजी बंद केलं आणि मराठी-हिंदीवर आली. मी वैतागून म्हणायचे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात. आणि मग अकरावीत शाळेच्या स्नेहसंमेलनात अख्खा कार्यक्रम तिने इंग्रजीतून सादर केला. सराईत, हसत हसत, मधेच एक शब्द चुकला तर स्वतःच खुदकन हसून पुढे गेली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अर्थात, आई इंग्रजीची प्रोफेसर!" मी मान हलवली. पण ते हसणं मी ओळखलं होतं. सुदामा नगरातल्या त्या जिन्यात ऐकलेलं होतं ते.

गार्गी दोन वर्षं आठवड्यातून दोन दुपारी शैलाकडे जात होती. मला सांगितलेलं, गणिताला जाते. तिला मी काही बोलले नाही. शैलाकडे मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले. "माझ्या मुलीला तू इंग्रजी शिकवणार? तू?" असंच म्हटलं मी, शब्द न शब्द आठवतो. शैला पोळ्या करत होती. तिने गॅस बारीक केला. "शिकवत नाही गं मी तिला. शिकून तर ती तुझ्याकडूनच आली आहे, सगळं येतं तिला. माझ्याकडे ती चुकायला येते." मी तिथून निघाले ते दोन वर्षं तिच्याशी बोलले नाही. पुढे कुणाच्या तरी लग्नात ती स्वतःच येऊन शेजारी बसली, ताटातली जलेबी माझ्या ताटात टाकली, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पण तो विषय दोघींनीही काढला नाही. मागच्या दिवाळीत शेवटची भेटली तेव्हा म्हणाली, "एखाद दिन ये नं क्लासात. शिकवायला नको, नुसती बस." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला चांगलं कळत होतं.

तेराव्याला अरविंदरावांजवळ बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "शैलाला ती वाक्यं शेवटपर्यंत जमली नाहीत, पण बायकांना काय गोडी लावली तिने." ते माझ्याकडे बघतच राहिले. "जमली नाहीत? कुमुदताई, सकाळी कणीक मळताना ती सगळी वाक्यं धडाधड म्हणायची, एकही अटक नाही. मग अडखळायची प्रॅक्टिस करायची. नवीन बॅच आली की पहिले दोन दिवस फक्त ऐकायची, कुणाची जीभ कुठे फसते ते. इथल्या हिंदी बोलणाऱ्या मालवेवाल्या बायका असल्या की 'स्ट'वर अडायची. आपल्या मराठी असल्या की त्या 'वॉश व्हायोलेट'वाल्या वाक्यावर, आपल्या तोंडी डब्ल्यू आणि व्ही एकच होतात नं. ज्याची चूक, त्याची ती आपल्या तोंडात घ्यायची. म्हणायची, त्यांच्याआधी मी करून टाकली की त्यांची लाज संपली." रिक्षात बसल्यावर रडू आलं, पण खरं सांगते, ते रडू सगळं तिच्यासाठी नव्हतं. उच्चारशास्त्र मी शिकले होते. कोणत्या बोलीच्या माणसाची जीभ कुठे अडते यावर मी पेपर वाचले आहेत. आणि ते ज्ञान हातात धरून काय करायचं, हे त्या बी.कॉम. झालेल्या बाईला कळलं होतं. जी पद्धत मी इतकी वर्षं माझी म्हणत होते, तिच्यातली माझी फक्त वाक्यं होती, आणि तीही तिने बदलली होती. इतका हेवा मला ती जिवंत असताना कधी वाटला नव्हता.

तिची एक बॅच अर्धी राहिली होती. अरविंदरावांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी घरून ठरवून गेले की मीही अडखळायचं. 'स्टील स्टूल्स इस्टँड...' म्हणाले आणि कपाळावर हात मारला. कुणी हसलं नाही. महूहून येणारी रेखा नावाची नर्स होती, ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, बुरा मत मानना, आप जान के अटक रहे हो." आता सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य कानात राहिलं. साठी उलटली तरी मला चुकता येत नाही. गेले तीन आठवडे रोज सकाळी बेसिनसमोर उभी राहून मी चुकायचा सराव करते आणि प्रत्येक वेळी वाक्य स्वच्छ बाहेर पडतं.

परवा रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला गार्गीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला हे सगळं सांगितलं, अगदी रेखासकट. ती पोट धरून हसली. मग मी विचारलं, "तुमच्या बॅचला ती कशावर अडायची गं? वॉश-व्हायोलेटवर?" गार्गी म्हणाली, "नाही. मला ध्वनी सगळे येत होते, आई. माझ्या वेळी मावशी वेगळं करायची. वाक्य सुरू करायची, अर्ध्यात थांबायची आणि दाराकडे बघायची... कुणी दुरुस्त करायला येतंय का, असं. मग कुणी आलं नाही की पुढचं म्हणायची. मी तसंच करायचे ना." हे तिने अगदी सहज सांगितलं, रागाने नाही. मला वाटलं रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

चहा निवला होता. मी म्हटलं, "म्हणून दाखवतेस मला?" गार्गी आता तेहतीस वर्षांची आहे, मोठ्या कंपनीत आहे, दिवसभर इंग्रजीत बोलते. पण घरी आली की ऑफिसचा कॉल घ्यायला गच्चीवर जाते. ते स्नेहसंमेलन सोडलं तर माझ्यासमोर तिने चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून इंग्रजीतलं एक पूर्ण वाक्य उच्चारलेलं नाही. ती म्हणाली, "काहीतरीच काय." मग केस मागे सारले आणि सुरू केलं. "वी वॉश व्हायोलेट व्हेस्ट्स..." दर बुधवारी जांभळे बनियन गरम पाण्यात धुतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. 'व्हेस्ट्स'पाशी ती थांबली. डोळे उचलून थेट कॅमेऱ्यातून माझ्याकडे बघितलं. शैला दाराकडे बघायची, ती हीच नजर असणार. माझ्या ओठांवर शब्द आला होता, तीस वर्षांची सवय आहे ती. मी पदराचं टोक दातात धरलं आणि बसून राहिले... दोन सेकंद, तीन सेकंद. मग तिने पुढचं म्हटलं, "विथ व्हेरी वॉर्म वॉटर एव्हरी वेन्सडे," आणि वाक्य पुरं करून हसली.

ती दोन ठिकाणी चुकली. कुठे, ते मी लिहिणार नाही.