बांधाला दार

“बांधाला दार? म्हणजे झायिक नदीचं पाणी आपणच घरात बोलवायचं?” तोर्गिनने किटली आदळली.

“घरात नाही गं. गल्लीतून चर खणायचा. पुढे बोरूच्या दलदलीत, तिथून समुद्रात. पूर्वी जायचंच की.”

“पूर्वी इथे घरं नव्हती, अपा! मागच्या पुरात ह्या बांधावर गोण्या कोणी रचल्या? तुम्हीच ना?”

“मीच.”

कामकाअपा एवढंच म्हणाल्या आणि रबरी बूट ओढायला लागल्या. मी शेजारीण, चहाला आलेली. सासू-सुनेच्या मध्ये पेला धरून बसले होते. उठावं तरी पंचाईत.

अपांचा जन्म बोरूत गेला. बोरू कापून, त्याच्या चटया चिखलाने लिंपून त्यांनी लोकांच्या भिंती उभ्या केल्या. मग अतिराऊ शहर फुगलं. नदीचं पाणी दलदलीत नेणारा नाला बुजवून त्यावर आमची वसाहत उठली, अपांच्या मुलाने, येर्साइनने, इथे घर घेतलं, आईला आणलं. पाणी तुटलं तशी खालची दलदल वाळली. आता ती पुन्हा जगवायला बायका लावल्यात, त्यांत अपाही. वसंतात मुळं खोचायची, उन्हाळ्यात करपलेली उपटायची, पुढच्या वसंतात परत खोचायची. “मेल्याला आंघोळ घालतेय झालं,” म्हणतात.

आज संध्याकाळी वसाहतीची सभा. दार बसवायचं की नाही, ते हात वर करून ठरणार. अपांचा हात जिकडे, तिकडे निम्मी गल्ली.

“वाळू दे ना तो बोरू! डास तरी कमी होतील.” तोर्गिनने भिंतीकडे बोट केलं. तिथे फडक्यात नान टांगलेला होता, घरचा माणूस दूर गेला की तो सुखरूप परतावा म्हणून टांगतात तसा. “येर्साइन तेलविहिरीवर जाताना घास तोडून गेलाय. परत येऊन उरलेला खाणार. कुठे येऊ दे त्याला? तळ्यात?”

अपांनी नान खिळ्यावरून काढला, फडकं सोडलं. भिंतीकडची बाजू हिरवी पडली होती. ओल खिळ्यापर्यंत चढलेली.

“यंदा तर पूर नाही आला,” मी बोलून गेले.

“खालून येतंय. नाला बुजवलाय, पाणी थोडंच बुजलंय?”

तोर्गिनने नान हिसकावून घेतला, शेगडीपाशी बसून नखाने बुरशी खरवडायला लागली. खरवडता खरवडता तिचा आवाज उतरला.

“निदान वरचं तरी अडू दे, अपा. पुन्हा गोण्या नाही उचलवणार माझ्याने. तुम्ही हात वर करणार का? सांगा ना.”

अपांनी रुमाल घट्ट बांधला, मुळांची बादली उचलली आणि दार लोटून बाहेर पडल्या.