करुणाची राहिलेली सहल

देवगाव फाट्यावर उतरले आणि चुकीच्या जीपमध्ये जाऊन बसले. मला जिंतूरला जायचं होतं आणि जीप निघाली होती सेलूला. शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी, एवढी मोठी बॅग घेऊन कुणाकडं निघालात म्हणून सहज चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. "मंग उतरा की बाई, ही सेलूला जायलीय," असं म्हणत त्यांनी माझी बॅग स्वतःच खाली ढकलली. जीप सुटायला मिनिटभर होतं. मी फाट्यावरच्या टपरीत चहा घेतला आणि जिंतूरच्या बसची वाट बघत उभी राहिले.

मी नाशिकची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गंभीर आजारी मुलांची एक इच्छा पूर्ण करणाऱ्या एका संस्थेचं काम सहा वर्षं करते आहे. मुलं सायकल मागतात, विमानात बसायचं म्हणतात, समुद्र बघायचा म्हणतात. पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याच्या करुणाचा कागद मात्र निराळा होता. अकरा वर्षांच्या या मुलीनं लिहिलं होतं : 'पाचवीची सहल येलदरी धरणावर गेली तेव्हा मी दवाखान्यात होते. ती सहल परत काढा. वर्गातले सगळे पाहिजेत.'

करुणाला रक्ताचा कर्करोग झाला होता. मोठे उपचार संपून आता गोळ्या चालू होत्या. शहरातल्या डॉक्टरांनी सहलीला परवानगी दिली, पण अटी घालून. आदल्या दिवशी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच निघायचं. घरचं गरम जेवण, उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क. सर्दीखोकला असलेलं कुणी जवळ नको. धरणाच्या पाण्यात हात घालायचा नाही. म्हणून आधी जागा बघून यायची आणि मग चुडाव्याला जायचं, असं मी ठरवलं होतं.

जिंतूर सोडलं की रस्ता टेकड्यांत शिरतो. जानेवारीचे दिवस, खालच्या काळ्या रानात ज्वारी कणसाला आलेली, मध्येच वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं). एका वळणानंतर अचानक पूर्णा नदीचं अडवलेलं पाणी दिसलं, पलीकडचा काठ शोधावा लागेल इतकं. मासेमारीच्या दोन होड्या पार लांब ठिपक्यांसारख्या होत्या. धरणाच्या ऑफिसात अर्ज दिला, सावली कुठं आहे, स्वच्छतागृह कसं आहे ते बघितलं. हे सगळं कशासाठी, असं तिथल्या चौकीदारकाकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाणी उकळून लागतं ना पोरीला? माझं घर हितंच हाय. चुलीवर पातेलं ठिवतो."

दुपारी तिथल्याच एका खानावळीत तळलेला रोहू आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. सोबत येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी) होतं. इतकं तिखट की कानातून वाफा निघाल्या, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग परभणी गाठली आणि तिथून पॅसेंजर गाडीनं दिवस मावळायच्या आत चुडावा.

स्टेशनवर करुणाचे वडील, भीमराव, न्यायला आले होते. ते शाळेत कारकून आहेत. घर दोन खोल्यांचं, भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. करुणा दारातच होती. नव्यानं उगवलेले केस बोटभर झाले होते आणि मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते. तिनं नमस्कार केला आणि लगेच वही पुढं केली. वहीत तिच्यासकट वर्गातली तेवीस नावं. बावीस नावांपुढं बरोबरची खूण. पहिलंच नाव, साक्षी, कोरं.

रात्री भाकरी थापताना तिच्या आईनं, रत्नमालाताईंनी, मला हळू आवाजात सांगितलं, की साक्षी ही करुणाची जिवाभावाची मैत्रीण. पण आजार निघाल्यापासून चौदा महिन्यांत ती एकदाही फिरकली नाही. तिच्या घरच्यांना आजार लागेल अशी भीती वाटत असावी. करुणा काही बोलत नाही, पण साक्षी आली नाही तर सहलीला अर्थ नाही, हे आईला कळत होतं.

सकाळी भीमराव करुणाला रक्ताच्या तपासणीला पूर्णेला घेऊन गेले आणि आम्ही दोघी साक्षीच्या वडिलांच्या किराणा दुकानात गेलो. महादप्पा कपाळावर विभूती लावून नुकतेच गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला पोतं झटकून दिलं, चहा सांगितला. सहलीचा विषय काढताच त्यांचा चेहरा पडला. आम्ही कधी नको म्हटलं नाही, असं ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. पोरगीच जात नाही. नाव काढलं की उठून आत जाते.

त्यांनी हाक मारली. साक्षी बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. दोन वेण्या, गळ्यात दोऱ्यात ओवलेलं चांदीचं लिंग. रत्नमालाताईंनी तिला फक्त एवढंच विचारलं, "बाळा, तू आमच्यावर रागावलीस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, "मला सर्दी झाल्ती तवा. आमी एकाच बाटलीतलं पाणी पेलो. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. मंग ती दवाखान्यातच गेली."

मग तिनं रत्नमालाताईंकडं बघितलं.

"माझ्यामुळंच झालं ना ते, काकू?"

रत्नमालाताई पोत्यावरून उठल्या, तिच्यासमोर खाली बसल्या. "न्हाई गं. सर्दीनं होत न्हाई ते. तिच्या रक्तात तुझ्या सर्दीच्या आधीपासून होतं. मीपण डॉक्टरला हेच विचारलं होतं, माझ्या हातून काय चुकलं का म्हणून. कुणाचंच चुकलं न्हाई, म्हणले."

साक्षी तेव्हा रडली. मोठ्यानं, लहान मूल रडतं तशी. महादप्पांनी तराजू उगाच पुसायला घेतला. "चौदा महिने घरात पोर हाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् मला कळलं न्हाई."

ती दुपारी आली. एकटीच, आणि अंगणातच थांबली. करुणा पूर्णेहून परतून खाटेवर बसली होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग करुणानं विचारलं, "आता सर्दी हाय का?"

"न्हाई."

"मंग ये की."

मी आणि रत्नमालाताई स्वयंपाकघरात गेलो आणि तिथं काही काम नसताना बराच वेळ थांबलो.

रिपोर्ट यायचा होता चारला. पाच वाजले तरी फोन नाही. भीमराव दारात उभे राहत, आत येत, परत जात. रत्नमालाताईंनी दशम्यांचं पीठ काढून ठेवलं होतं, पण भिजवायचा धीर होत नव्हता. आतून दोन्ही मुलींचा, बसमध्ये कुठं बसायचं यावर चाललेला खल ऐकू येत होता. पेशींचा आकडा कमी आला तर त्यांना सांगायचं काम माझं होतं. साडेपाचला रिपोर्ट आला. मी तो शहरातल्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर यायला पंधरा मिनिटं लागली. उत्तर दोनच शब्दांचं होतं : 'खुशाल जा.'

भीमरावांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून तो निरोप वाचला, परत वाचला, आणि चपला न घालताच शाळेच्या गुरुजींकडं सांगायला निघाले. रत्नमालाताईंनी पिठात दूध ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेपुढं एसटीची लाल बस उभी होती. तेवीस मुलं, दोन गुरुजी, करुणाचे आईवडील आणि मी. महादप्पांनी सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. जिंतूरच्या पुढं वळणं लागली तशा दोन मुलांना उलट्या झाल्या, गुरुजी पिशव्या घेऊन धावले, मागच्या बाकावर भेंड्या चालूच राहिल्या. मी तीस वर्षं सहली काढल्या आहेत. ही त्यांच्याहून वेगळी नव्हती, आणि मला ते फार बरं वाटत होतं.

धरणाच्या भिंतीवरून पाणी दिसलं तेव्हा सगळी मुलं ओरडली. करुणा ओरडली नाही. कठड्याला दोन्ही हात लावून बघत राहिली. साक्षीनं तिला सांगितलं, की मागच्या वेळी पाणी याच्याहून कमी होतं, म्हणजे आत्ताच खरी मजा. चौकीदारकाकांनी पातेल्यावर ताट झाकून ठेवलं होतं. ते स्वतः चार पावलं लांब उभे राहिले आणि, "मी जवळ येत न्हाई, जरा खोकला हाय," असं म्हणाले. जेवणं झाली, दशम्या संपल्या. चारच्या आत आम्ही परत निघालो.

परभणीच्या अलीकडं पुढच्या बाकावर गलका झाला. साक्षीला आता खिडकी हवी होती, करुणा सोडत नव्हती. तू जाताना बसलीस, माझी सहल हाय, तुझी एकटीची हाय का, असं चांगलंच पेटलं. मी उठायला लागले, तर रत्नमालाताईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

"भांडू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "वरीसभर कुणी भांडलंच न्हाई तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. करुणाचं कपाळ सकाळी गार होतं, तीनदा बघितलं म्हणून भीमरावांनी स्टेशनवर सांगितलं. पुढं काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. आणखी दीड वर्ष गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी त्या घरात असंच आतबाहेर चालू राहणार आहे. काही घरांतून मी परतले आहे ती, तिथं पुन्हा जाणं होणार नाही हे जाणून. त्या प्रवासांत मला कधी डोळा लागलेला नाही. परभणीहून बस पकडली, खिडकीशी बसले, आणि जालना कधी मागं पडलं ते मला कळलंच नाही. नाशिक आल्यावर वाहकानं खांद्याला हात लावून उठवलं.