उजवा हात रजेवर

माझ्या कपाटाचा खालचा कप्पा शालींचा आहे. हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला हैदराबादेत फार थंडी वाजते, असा आमच्या मराठी मंडळाचा समज असावा. तक्रार नाही. काचीगुड्यातल्या या मंडळाने दर रविवारी सकाळी माझ्या मोफत तपासणी शिबिरासाठी आपलं सभागृह दिलं, पंखे दिले, चहा दिला. मराठीचा गंध नसलेले इतके लोक आपल्या दारात कसे, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यापुढे शाल सोसणं काहीच नाही.

अशाच एका रविवारी मलकपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई फडक्यात हात गुंडाळून आल्या. नारळाचं खोबरं सुरीने सोडवताना मूठ घसरून पात्यावर गेली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, तुटल्या होत्या.

ही शस्त्रक्रिया मी हात बधिर करून, माणूस जागा ठेवून करतो. कंडरा शिवली की रुग्णालाच बोटं मिटायला सांगतो. टाका कुठे अडकतो ते तिथेच कळतं. त्यामुळे टेबलावर गप्पाही होतात.

"डॉक्टरसाब, कैची धरता येईल ना?" ताईंनी विचारलं. "शिवायला पोरी हायेत. कापणं माझंच. गिऱ्हाईक माझ्या कापण्यावर येतं."

"बोटं मिटा."

मिटली.

"येईल," मी म्हणालो. ते निम्मंच खरं होतं. माझं काम दोन तासांत संपतं. पुढचे तीन महिने आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमचे. त्या तेलुगू, हिंदी आणि कामापुरत्या मराठीत रागावतात. त्यांचा नियम एकच: बोटं रोज हलवायची, पण त्या हाताने काही उचलायचं नाही. जोर लागून टाका सुटला, तर दुसऱ्यांदा शिवलेली दोरी क्वचितच पहिल्यासारखी होते.

पाचव्या आठवड्यात मंडळाचा वर्धापनदिन आला. अध्यक्ष तारनाक्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मनाने अतिशय चांगले. डॉक्टरांचा सत्कार त्यांच्याच रुग्णाच्या हस्ते करावा, असं त्यांच्या मनात आलं. कल्पना हृदयस्पर्शी होती आणि मला ती कळू न देण्याची दक्षताही त्यांनी घेतली होती.

मी व्यासपीठावर फेटा, हार आणि शाल यांच्या आत बसलो होतो. ताई पायऱ्या चढून आल्या. हात उघडा. आधाराचं स्प्लिंट फोटोत बरं दिसणार नाही म्हणून ते मागच्या खोलीत काढून ठेवायला लावलं होतं, हे नंतर समजलं. अध्यक्षांनी संगमरवरी बैठकीवरचा पितळी चारमिनार पुढे केला. तो आज माझ्या दवाखान्याचं दार उघडं धरून ठेवतो. यावरून वजनाची कल्पना यावी.

"धरा ताई. दोन्ही हातांनी."

मी उठायला गेलो. शालीचं टोक शेजारच्या खुर्चीच्या पायाखाली होतं. मी परत बसलो.

"नक्को, साहेब," ताई एक पाऊल मागे सरल्या. "उजवा हात रजेवर हाय."

"अहो, क्षणभर! फोटोपुरतं!"

"मॅडम पाण्याचा गिलास धरू देत नाहीत. हा तर अख्खा चारमिनार हाय."

सभागृह हसलं, पण लगेच गप्प झालं, कारण ताईंनी तबकातला नारळ डाव्या हाताने उचलून माझ्यापुढे धरला होता. डाव्या हाताने देणं! पहिल्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मीही डावाच हात पुढे केला आणि नारळ घेतला. माझे सत्कार बरेच झाले; मनापासून घेतलेला तो एकच.

तीन महिने झाले तेव्हा ताई दवाखान्यात आल्या. पिशवीत स्वतःची कात्री होती, कापड आणायचं राहिलं होतं. माझ्या खुर्चीच्या पाठीवर ती वर्धापनदिनाची शाल होती.

"ही कापू?"

"कापा."

मॅडम ओठ घट्ट मिटून बघत होत्या. दोन बोटं कात्रीत गेली, अंगठा बसला, आणि कात्री शालीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न थांबता गेली. ताईंनी हाताची मूठ दोनदा उघडली, मिटली. मग कापड चिमटीत धरून पाहिलं.

"डॉक्टरसाब, माल काही खास नाय."

त्या शालीच्या दोन पिशव्या झाल्या. मॅडम त्यांत व्यायामाचे चेंडू ठेवतात. पुढच्या रविवारी त्यातली एक सभागृहात आली, तेव्हा अध्यक्षांनी जरीचा काठ ओळखला.

"ही आपली शाल?"

"आपलीच. ताईंनी कापली."

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला, पिशवीच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

"सरळ कापलीय हो," ते म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.