सावली तेवढी उचला

अथाल गावातल्या चहाच्या टपरीवर सगळे गाडी सावलीत लावायचे. लसी पोचवणारा एक जण मात्र आपली व्हॅन भर उन्हात उभी करायचा. तो राहायचाही तिच्यातच. आत बॅटरीवरचा छोटा फ्रिज होता, त्यात खानवेलकडच्या पाड्यांसाठी लसी. टपावरचं सोलर पॅनल उतरवून तो उन्हाकडे तिरकं टेकवायचा आणि बॅटरीला जोडायचा.

मी सायली गावातल्या कारखान्यातला इंजिनिअर. एकदा मीटर घेऊन पॅनलवर वाकलो. करंट जवळपास शून्य!

"पॅनल गेलंय तुमचं. लसी खराब होतील," मी निकाल दिला.

त्यानं बशीतला चहा शांतपणे संपवला.

"पॅनल एकदम बराबर आहे, साहेब. तुमची सावली तेवढी उचला."

मी बाजूला झालो. काटा सरसर चढला.

तेव्हापासून मशीन बंद पडलं की मी आधी, आपण कुठं उभे आहोत, ते बघतो.