मधली जागा

"पुढं सरका, पुढं सरका. जागा लय हाय."

डावा हात वर धरून, जणू बसचा दांडा तिथे आहेच, कंडक्टरबाई बागेतल्या तिघींच्या बाकावर पाच जणी बसवायच्या. नाशिक-सिन्नर गाडीवर जन्म गेला. निवृत्त झाल्या तरी सवय जाईना. निघताना घराची किल्ली बाकाच्या लोखंडी हातावर दोनदा वाजवायच्या. टण टण. डबल बेल. मग आम्ही मुकाट्याने उठायचो. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील.

तेव्हा माझी आणि शालनची पंचवीस वर्षांची मैत्री बंद पडली होती. तिच्या भाच्याचं स्थळ माझ्या मुलीनं नाकारलं आणि बाईसाहेबांनी बोलणंच टाकलं. मी काय कमी? मीही टाकलं. पण बागेत दुपारी सावलीतला बाक एकच. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मधे कंडक्टरबाई.

"तिला सांगा, पदर मातीत लोळतोय," मी म्हणायची.

"शालनताई, पलीकडची सीट म्हणते, पदर लोळतोय." बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आम्ही दोघी तोंडं फिरवून हसू दाबायचो.

एकदा मी वैतागले. "पुरे झालं बाई, उद्यापासून मी नाही यायची."

"मधीच उतरू नका ताई," त्या म्हणाल्या. "गाव यायचंय अजून."

राग आला मला. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच.

फाल्गुनात लेकीच्या बाळंतपणासाठी बाई सिन्नरला गेल्या. त्या दुपारी बाकावर आम्ही दोघीच. मधल्या जागेवर करंजाची फुलं पडत होती. शालननं पिशवी उचलली. आज ही उठून गेली तर परत या बाकावर येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले. मधल्या जागेकडे बोट करून म्हणाले, "इथे बसू का?"

माझा डावा हात कधी वर गेला, कळलंच नाही. "टोकाला बसा, आजोबा." मी फुलांवरून सरकत थेट शालनला जाऊन टेकले. "पुढं सरक गं. जागा लय आहे."

 शालननं पिशवी मांडीवर घेतली.

"सरकू कुठे, मेले? पडेन की मी."

खूप वेळ बसलो. काय काय बोललो, ते आमचं आम्हाला. ऊन कलल्यावर शालननं कमरेची किल्ली काढली आणि बाकाच्या हातावर दोनदा वाजवली.